फडक्यावर उतरलेला निळा

हैदराबादहून परतल्यावर शिक्षकखोलीत उस्मानिया बिस्किटांचा डबा उघडला. तो रिकामा होईपर्यंत सगळ्यांनी तेच तीन प्रश्न विचारले. चारमिनार पाहिला का? पाहिला, रिक्षातून. बिर्याणी कुठे खाल्ली? कुठेच नाही, ताईकडे नवरात्र होतं. आणि वहिनींना मोती आणले का? याचं उत्तर मी घरी सुनंदाला दिलं, तेव्हा ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोत्यांच्या ऐवजी मी तिला तिचंच एक फडकं परत आणून दिलं होतं. जाताना ते पांढरंशुभ्र होतं, येताना मोरपंखी होऊन आलं.

हे प्रवासवर्णन त्या फडक्याचं आहे. चारमिनारावर इतरांनी पुष्कळ लिहिलेलं आहे.

गौलीगुड्यातलं ताट

मी नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे चित्रं मुलं काढतात आणि मी बाकांमधून "आभाळ सगळं निळं नको रे" असं म्हणत फिरतो. सुनंदाच्या मते मी घराबाहेर दोन दिवसांत आजारी पडणारा माणूस आहे. म्हणून निघताना तिने बॅगेत औषधांच्या पिशवीवर मलमलीचं एक मोठं फडकं घडी करून ठेवलं. "चौपदरी करायचं. पाणी गाळल्याशिवाय कशात भरायचं नाही. तिकडचं पाणी काय, कसं, आपल्याला माहीत नाही."

आता हैदराबादच्या नळाला थोडी आपली गोदावरीही येते हे मला तिथे गेल्यावर कळलं. तोवर सूचना पाळण्याची सवय लागून गेली होती.

स्टेशनवर दाजी आले होते. दाजी म्हणजे विजूताईचे यजमान, वकील. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत, कोर्टकचेरीत. मराठी चोख, पण तिच्यात दखनी अशी मुरलीय की राग आला की ते कुठल्या भाषेत रागावलेत हे त्यांनाही सांगता येत नाही.

"सामान दे इकडे. चहा पिऊ, मग गौलीगुड्याला एक काम आहे, मग घर."

"दाजी, आधी घरी गेलो असतो…"

"हौ, जाऊ की. घर काय पळून जातंय?"

आबिड्सला एका जुन्या हॉटेलात उभ्याउभ्या चहा झाला. आपल्याकडे चहात दूध घालतात, इथे दुधाला चहा दाखवतात. त्या दाट, गोडसर प्रकाराचे दोन कप पोटात गेल्यावर दाजींनी मला गौलीगुड्याच्या भांडेबाजारात नेलं. ते तिथलेच, लहानपण त्याच गल्ल्यांत गेलेलं. दुकानदार त्यांना नावाने ओळखत होते आणि एकही स्वस्त देत नव्हता. दाजींनी एक भलंमोठं स्टीलचं ताट निवडलं. उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांसमोर आडवं धरून पाहिलं.

"खोल नक्को. एकदम सपाट होना. रेवाने बजावलंय."

रेवा म्हणजे माझी भाची, त्यांची एकुलती एक. मला वाटलं, मामाला पंचपक्वान्नांचं ताट वाढायचं असेल. दिलसुखनगर येईपर्यंत मी ते ताट मांडीवर धरून बसलो होतो, आणि मनही थोडं भरून आलं होतं.

हिरवळ

दिलसुखनगरची गर्दी, कोचिंग क्लासच्या पाट्या आणि साड्यांची दुकानं मागे टाकून आणखी बरंच पुढे गेलं की ताईची वसाहत लागते. चार इमारती आणि मागे एक मोकळी जागा. मी गॅलरीत उभा राहिलो आणि मनापासून म्हणालो, "ताई, लॉन किती सुंदर ठेवलंय गं!"

ताई आतून म्हणाली, "त्याच्यावर जरा चालून दाखव."

ते तळं होतं. तिथल्या भाषेत कुंटा, म्हणजे छोटं तळं. मी आयुष्यभर मुलांना हिरव्याच्या छटा शिकवल्या, पण पाण्याचा असा रंग पाहिला नव्हता. काठाशी तर कुणी पोपटी ऑइलपेंटचा डबा उपडा केल्यासारखी साय धरलेली.

"शेवाळं ना?" मी विचारलं.

"मामा, शेवाळं म्हटलं की तुला दगडावरचं बुळबुळीत दिसतं," रेवा म्हणाली. ती विद्यापीठात तळ्यांच्या पाण्याचाच अभ्यास करते. मराठी फर्डं बोलते, वाचताना मात्र दुकानाच्या पाटीशी कुस्ती खेळते. "हे तरंगणारं आहे. प्लवक. एकेकटं दिसतच नाही, इतकं बारीक. वाईट नसतंच ते. मासे जगतात त्याच्यावर. प्रॉब्लेम कधी? खाणं जास्त झालं की एकाच जातीचे सगळे मातून बसतात. आणि ती जात कुठली, हे बघितल्याशिवाय काही करायचं नाही. हे इथे कुणाला समजतच नाहीये!"

शेवटचं वाक्य मला नव्हतं, खालच्या वॉचमनच्या खोलीला होतं. खोलीबाहेर तोंड शिवलेल्या गोण्या रचून ठेवल्या होत्या. आत मोरचूद. द्राक्षाच्या गावाकडचा माणूस मोरचूद ओळखतो. आमच्याकडे बागेवर फवारायच्या औषधात ते असतं. इथे ते तळ्यात ओतायचं होतं, म्हणजे हिरवं मरेल आणि पाणी नितळ दिसेल. वसाहतीचे अध्यक्ष रावगारूंनी (गारू म्हणजे आपलं 'साहेब') ठरवलं होतं, उद्या संध्याकाळी सगळ्यांची बैठक घेऊन मंजुरी, परवा सकाळी गोण्या रिकाम्या. त्याच्या पुढच्या दिवशी बतुकम्माचा, म्हणजे इथल्या बायकांच्या फुलांच्या सणाचा, शेवटचा, मोठा दिवस.

रावगारू कुणी दुष्ट मनुष्य नव्हेत, हे आत्ताच सांगून टाकतो. गोण्या त्यांनी सरोजाअक्कांसाठी आणल्या होत्या.

सरोजाअक्का शेजारच्या. मी आल्याचं कळताच त्या तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या चकल्यांचं ताट घेऊन आल्या. सकिनालु म्हणतात त्यांना, आपल्या चकलीची कडक स्वभावाची मावशी. मला त्यांनी पहिल्याच वाक्यात "अन्नय्या" करून टाकलं, म्हणजे थोरला भाऊ. वयाने त्याच मोठ्या असाव्यात, पण तो हिशेब मी काढला नाही.

बतुकम्मा म्हणजे काय, ते त्यांनी दखनीत आणि हातवाऱ्यांनी समजावलं. ताटात तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे, झेंडू असे थरावर थर रचत उंच निमुळता मनोरा करायचा, वर हळदीची गौरी. बायका त्याभोवती फेर धरतात, टाळ्या वाजवत गातात आणि संध्याकाळी फुलं पाण्यात सोडतात. मला आपला भोंडला आठवला. शाळेच्या भोंडल्याला पाटावरचा हत्ती दरवर्षी मीच काढतो. आपल्याकडे फेर संपला की मन खिरापतीच्या डब्याकडे धावतं. यांचं धावतं पाण्याकडे.

"गाव में थे तो घुटने तक पानी में जाते थे, अन्नय्या," सरोजाअक्का म्हणाल्या. "फुलां छोडना, पानी सिर पे लेना. शहर में आए तो क्या? प्लास्टिक का टब! इतने साल टब. टब में कोई अम्मा को छोडता?" यंदा त्यांनी बायका जमवून तळ्याच्या जुन्या पायऱ्या घासूनपुसून काढल्या होत्या. पायऱ्या चकचकीत झाल्या, आणि पाणी असं.

रेवा मान खाली घालून सकिनालु मोडत बसली. लहानपणी ती ज्या कडेवर बसून फुलं सोडायला गेली ती कड सरोजाअक्कांची होती.

तळ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटाचं रहस्य कळलं. रेवाने त्याच्या मधोमध भोक पाडून दोरी ओवली होती आणि माझ्या हातात काळ्या-पांढऱ्या रंगांचे डबे दिले.

"चार भाग कर. दोन काळे, दोन पांढरे. तू ड्रॉइंग टीचर ना?"

इतकं महत्त्वाचं शास्त्रीय काम मला कुणी कधी दिलं नव्हतं. मी कंपास मागितला. रेवा म्हणाली, उशीर होतोय. मी म्हटलं, कोन चुकला तर शास्त्र चुकेल. शेवटी वहीचा कोपरा ठेवून काटकोन काढले.

ते ताट पाण्यात आडवं सोडायचं आणि कुठवर दिसतं ते बघायचं. पाणी जितकं स्वच्छ, तितकं खोलवर ताट दिसणार. इतकं साधं. मी शेवटच्या पायरीवर वाकलो, रेवाने दोरी सोडली, आणि वीतभर गेलं नाही तोच माझी कलाकृती हिरव्यात गडप झाली.

"गेलं!" मी ओरडलो. आणि त्या भरात डावी चप्पल पायातून सुटून पाण्यात.

"मामा, पाय घालू नको! हातपण नको!"

"अगं, नवीन आहे…"

"राहू दे!"

चप्पल सावकाश तळ्याच्या मध्याकडे निघाली. पलीकडच्या काठावर फिरायला आलेले रावगारू थांबून तिच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, मग त्यांनी सभ्यपणे नमस्कार केला.

रेवाने हातमोजे घालून एका कॅनमध्ये पाणी भरलं. आज दुपारपासून प्रयोगशाळेला दसऱ्याची सुट्टी लागणार होती. त्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं आणि संध्याकाळच्या बैठकीत सांगायचं, की ही जात अमुक, हिच्यावर मोरचूद चालणार नाही. तिचा अंदाज पक्का होता. पण वसाहतीत तिला अजून सगळे "वकीलसाबची बेबी" म्हणत, आणि बेबीच्या अंदाजाला कोण विचारतो?

घरी आल्यावर ती घाईत होती. "मामा, मी आंघोळ करून येते. हातमोजे घाल आणि कॅनमधलं पाणी या दोन बाटल्यांत भरून ठेवशील? काठोकाठ."

"जा तू निर्धास्त," मी म्हणालो.

वाचकहो, तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. मी नव्हतं ओळखलं. मी कॅनचं झाकण काढलं, आत हिरवे गोळे तरंगत होते, नुसती घाण. विद्यापीठातली मोठी माणसं बघणार ते पाणी! मी बॅगेतून सुनंदाचं फडकं काढलं, चौपदरी केलं, बाटलीच्या तोंडावर धरलं आणि थेंब न सांडता दोन्ही बाटल्या भरल्या. पाणी काय सुरेख उतरलं! गाळ राहिलेलं फडकं गच्च पिळलं, धुणं नंतर करू म्हणून गॅलरीतल्या दोरीवर टाकलं आणि बाटल्या पिशवीत ठेवल्या. रेवा केस पुसत आली, पिशवी उचलली आणि बस पकडायला धावली.

ताईने पेसरट्टू केले होते, मुगाचे हिरवे डोसे, वर आलं आणि मिरची. तीन खाल्ले. पुण्यकर्म केल्यावर भूक लागतेच.

दोन निरोप

दुपारी दाजींच्या फोनवर रेवाचा निरोप आला. दाजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचला. "अप्पा, पाण्यात जवळजवळ काहीच दिसत नाहीये. विचित्र आहे."

"म्हणजे पाणी चांगलं!" दाजी उठूनच बसले. "बैठकीआधी सगळ्यांना कळवलं पाहिजे." आणि ताई "अहो, तिला विचारा तरी" म्हणेपर्यंत त्यांनी ते तेलुगूत करून वसाहतीच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. वरून 'विद्यापीठ प्रयोगशाळेचा अहवाल' असं शीर्षकही दिलं. वकील कागदाला शीर्षक दिल्याशिवाय राहू शकत नाही.

रावगारूंचं लगेच उत्तर आलं. फार आनंद झाला, म्हणजे आता मोरचुदाचाही काही धोका नाही. सरोजाअक्कांनी हात जोडल्याची आणि फुलांची अशी एक ओळच्या ओळ चित्रं पाठवली.

मग रेवाचा फोन आला. मला.

"मामा, बाटल्यांत कॅनमधलंच पाणी भरलंस ना?"

"म्हणजे काय! अगदी गाळून भरलंय."

पलीकडे बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

"कशातून गाळलंस?"

"मलमल. चौपदरी."

"मामा," ती फार हळू म्हणाली, "आपल्याला जे बघायचं होतं ते तू गाळून काढलंस. आणि उरलेलं पाणी मला दिलंस."

प्रयोगशाळेला कुलूप लागत होतं. नवं पाणी आणून परत जायला वेळ नव्हता, तिचे मार्गदर्शक सर गावी निघाले होते. दाजींच्या शीर्षकासह अहवाल सगळ्यांच्या फोनमध्ये बसला होता. तो चुकीचा आहे म्हणायला पुरावा काय, तर मामाने पाणी गाळलं. तीन वर्षं पाण्याच्या अभ्यासात घातलेल्या मुलीला हे बैठकीत उभं राहून सांगायचं होतं.

फोन ठेवल्यावर मला त्या घरात कुठे बसावं ते कळेना. अपराधी माणसाने काहीतरी काम करावं. मी दोरीवरचं फडकं ओढलं, तर ते उन्हाने पापडासारखं कडक झालेलं. मोरीत एक बादली पाण्याची भरलेली दिसली, तिच्यात ते बुडवलं, खळबळलं.

पाणी निळं झालं.

हिरवं नव्हे. निळं. मोराच्या मानेवरचा निळा असतो ना, तो. मी फडकं उचललं, त्यातून निळ्या धारा लागल्या. मुलांच्या रंगपेटीत मी हा रंग कितीदा दोन रंग मिसळून करायला शिकवला, इथे तो आपणहून उतरत होता.

ताई मोरीच्या दारात आली. "अरे अरुण, नीळ किती घातलीस? एक थेंब पुरतो!"

"मी घातलीच नाही, ताई."

"मग यांचा शर्ट?"

बादलीच्या तळाशी दाजींचा कोर्टात घालायचा पांढरा शर्ट भिजत होता. तो वर काढला. त्यानंतर घरात जे संभाषण झालं ते तीन भाषांत झालं आणि त्यात माझा वाटा फक्त "दाजी, दाजी" एवढाच होता.

त्या गदारोळात रेवा घरी आली. चेहरा उतरलेला, डोळे लाल. दाजी शर्ट नाचवत होते. ती थांबली. शर्ट हातात घेतला. मग मोरीत जाऊन बादली पाहिली, फडकं पाहिलं.

"कोरडं झाल्यावर भिजवलंस?"

"हो. चुकलंच. तेही."

"आधी हिरवं होतं? पूर्ण हिरवं?"

"तृणहिरवं. पिवळ्याकडे झुकणारं," मी म्हणालो. निदान एवढं तरी मला खात्रीने सांगता येत होतं.

तिने मला मिठी मारली. तिच्या हातातल्या ओल्या शर्टामुळे माझीही पाठ निळी झाली.

पार्किंगमधली बैठक

बैठक इमारतीखाली, गाड्या बाहेर काढून मोकळ्या केलेल्या पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये रावगारू, पहिल्या रांगेत सरोजाअक्का आणि बायका. रेवाने येताना तळ्यातून एक काचेची बरणी भरून आणली होती. तासभर स्थिर ठेवलेल्या त्या बरणीत हिरवं सगळं वर येऊन गळ्याशी कडं करून बसलं होतं.

रावगारूंनी विषय मांडला. अहवाल आलाच आहे, पाणी चांगलं आहे, तेव्हा मोरचुदाला कुणाची हरकत नसावी. रेवा उठली. "अंकल, तो अहवाल चुकीचा आहे."

"तुम्हारेच पापा भेजे ना, बेबी?"

सगळे हसले. तेव्हा मी उभा राहिलो. भाषणाची सवय आहे, पण ती आठवीच्या वर्गासमोर. माझ्या नाशिकच्या हिंदीत मी सांगितलं, की पाणी मी भरलं, भरताना फडक्यातून गाळलं, कारण आमच्या घरी तसंच भरतात. त्यामुळे जे बघायचं होतं ते बाटलीत गेलंच नाही.

पार्किंग असं हसलं की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. "अन्नय्या," सरोजाअक्का डोळे पुसत म्हणाल्या, "मेहनत से साफ करे आप!" मागून कुणी म्हणालं, "इनकी चप्पल भी तलाव में है." म्हणजे तीही बातमी पोचली होती.

"हसून झालं?" दाजी उठले. त्यांनी पिशवीतून काहीतरी काढून झटकलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पुरावे मांडणाऱ्या माणसाने स्वतःचा शर्ट पुरावा म्हणून वर धरला. "हे मामाने गाळलेलं. दोरीवर वाळलं, मग भिजलं. देखो."

"ये तो मोरचूद का नीला है," तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले. "मोरचूद भी नीलाच रहता."

रास्त शंका होती. रावगारू उठले, वॉचमनच्या खोलीकडे गेले, आणि परत येऊन म्हणाले, "टाका वैसाच है. एक गोणी भी खुली नहीं." ते पुन्हा खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "बोलो, रेवा."

बेबी नव्हे, रेवा. ताईने माझ्या हाताला चिमटा काढला.

रेवा तेलुगूत बोलली. ताई माझ्या कानात मराठी करत होती. "ही जात जिवंत असते तोवर हिरवी दिसते. फुटली की आतला निळा बाहेर येतो. साध्या हिरव्या शेवाळाचा निळा येत नाही, ते सहसा असं बरणीत वर येऊनही बसत नाही, म्हणून ओळखता आलं. ह्या जातीत कधीकधी विषही असतं. इथल्या पाण्यात आहे की नाही, मला आज माहीत नाही, ते तपासावं लागेल. पण असलं तर तेही आतच असतं. मोरचूद टाकलं तर सगळ्या पेशी एकदम फुटतील. निळा दिसेल किंवा दिसणारही नाही, पण आतलं सगळं पाण्यात उतरेल. आणि मेलेलं कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मग मासे वर येतात, पोट वर करून. पाणी कदाचित नितळ दिसेल. तेव्हाच ते सगळ्यात वाईट असेल."

आता कुणी हसत नव्हतं. सगळे सरोजाअक्कांकडे पाहत होते. त्यांनी शर्ट मागून घेतला, मांडीवर पसरला, डागावरून बोट फिरवलं.

"एकच बोल," त्या रेवाला म्हणाल्या. हे हिंदीत म्हणाल्या, मलाही कळावं म्हणून बहुतेक. "मैं पानी में पैर रखूँ क्या?"

ज्या बाईने तिला कडेवर घेऊन फुलं सोडायला नेलं, तिला ती नाही म्हणत होती. "नको, अक्का. यंदा नको."

"अगले साल?"

"ह्यांचं खाणं तोडलं तर."

"क्या खाते ये?"

"आपलं सांडपाणी. साबण, संडास, सगळं. पाईप थेट तळ्यात उघडतो."

सरोजाअक्का वळल्या आणि पुरुषांच्या रांगेकडे नुसतं पाहिलं. माझा त्या पाईपाशी काहीही संबंध नसताना मीसुद्धा मान खाली घातली. रावगारू घसा साफ करून म्हणाले, "हमारेच ब्लॉक का है. मुडवा देता मैं." मग वॉचमनला हाक मारून त्यांनी गोण्या दुकानात परत पाठवायला सांगितल्या.

शेवटची पायरी

बतुकम्माच्या दिवशी सकाळपासून जिन्यात फुलांचा वास. मी बायकांत बसून तरवडाचे देठ कापत होतो. चित्रकलेच्या मास्तरला रंगांचे थर लावायला द्यावेत, असं मी सुचवून पाहिलं. पहिलाच थर लावला, तो सरोजाअक्कांनी मोडून पुन्हा लावला.

संध्याकाळी काठावर फेर रंगला. ताई नऊवारी नेसून दोन्ही पायांनी दोन राज्यांत नाचत होती. मला काठावर रांगोळीचा हत्ती काढायला लावला, तेलुगू बायकांनी त्याला नमस्कार केला आणि तो कोण, हे नंतर विचारलं. दहीभात, चिंचेचा भात, तिळाचा भात, शिवाय बाजरी-गुळाचा मलिदा. इथे खिरापत ओळखायला लावण्याची पद्धत नाही, सरळ हातावर पडते. मला ही सुधारणा आवडली.

पाण्याच्या ऐवजी रावगारूंच्या नातवाचा फुगवायचा टब आणला होता. त्यावर बदकं छापलेली. एकेक बाई आपला मनोरा त्यात सोडत होती. सरोजाअक्कांचा सगळ्यात उंच. त्या टबापाशी आल्या, थांबल्या, आणि पुढे निघाल्या. पायऱ्या उतरू लागल्या. रेवा दचकून पुढे झाली. मी तिचा हात धरला, कारण अक्कांचे पाय सावकाश पडत होते, मोजून.

शेवटच्या कोरड्या पायरीवर त्यांनी बतुकम्मा ठेवली. पाण्यापासून हातभर. पदर सावरून उभ्या राहिल्या आणि हिरव्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, ताईने लगेच मराठी केलं, "इथवर आणली आहे. पुढचं तुझ्या हातात."

देवीला म्हणाल्या की तळ्याला, की मागे उभ्या पुरुषांना, ते ताईलाही सांगता आलं नाही. दूर मध्यभागी माझी चप्पल शांतपणे तरंगत होती.

नाशिक

सुनंदाने फडकं धुतलं, उकळलं, उन्हात घातलं. डाग फिकटला पण गेला नाही. दाजींचा शर्ट त्यांनी कपाटात जपून ठेवलाय म्हणे.

रेवाला सुट्टीनंतर प्रयोगशाळेत तीच जात सापडली. विषाची तपासणी अजून चालू आहे. फडक्याची पद्धत शास्त्रीय नाही, हे तिने सरोजाअक्कांना बजावून सांगितलंय. सरोजाअक्कांनी ऐकून घेतलं. आणि आता दर रविवारी त्या रेवाने शिकवल्याप्रमाणे हातमोजे घालून तळ्याचं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळतात, वाळवतात, भिजवतात आणि फोटो मला पाठवतात. फडकी मी पाठवली आहेत, मलमलीची, सुनंदाने निवडून. आधी सगळं निळं असायचं. पाईप वळवायचं काम सुरू झालं, अर्ध्यात थांबलं, सरोजाअक्का रावगारूंच्या दारात जाऊन बसल्या, पुन्हा सुरू झालं. थंडीही पडली आहे.

काल आलेला फोटो मी मोठा करून पाहिला. खिडकीशी नेला, सुनंदाला दाखवला. मधोमध मातकट हिरवा, नुसता तळ्याचा रंग. निळा होता, पण एका काठाला, दोऱ्याइतका. खाली त्यांनी लिहिलं होतं, "अन्नय्या, पैर रखूँ?"

माझी सगळी नोकरी रंग ओळखण्यात गेली, पण माझ्या उत्तरासाठी असं कुणी कधी थांबलं नव्हतं. मी बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं, "अभी नहीं, अक्का. रेवा को पूछो. पर अगला कपडा सुखाओ."